न मोजलेला अनुशेष

मराठवाड्यात 'अनुशेष' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. राज्याच्या इतर भागांच्या मागे राहून गेलेली विकासाची बाकी: सिंचनाची, रस्त्यांची, रेल्वेची, नोकऱ्यांची. दांडेकर समितीने १९८४ साली तो आकड्यांत मांडला, १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ आलं, २०१३ मध्ये केळकर समितीचा अहवाल आला. हा हिशेब खरा आहे आणि तो मागत राहायलाच हवा. पण आपल्या शहरांनी गेल्या तीस-चाळीस वर्षांत स्वतःच्या हाताने आणखी एक अनुशेष उभा केला आहे. बुजवलेल्या नाल्यांचा, भर टाकलेल्या तळ्यांचा, कापलेल्या वडांचा, प्लॉटिंगखाली गेलेल्या गायरानांचा. तो ना मुंबईने लादला, ना पश्चिम महाराष्ट्राने. आणि तो भरून काढायला कुणाकडे हात पसरण्याचीही गरज नाही. म्हणूनच तो आधी मोजला पाहिजे, असं मला वाटतं.

मी राहते ते मराठवाड्यातलं एक जिल्ह्याचं ठिकाण. आमची कॉलनी १९९० च्या सुमारास एनए झालेल्या प्लॉटांवर उभी राहिली. मधोमध नियमाप्रमाणे सोडलेली खुली जागा होती, थोडी खोलगट. आजूबाजूच्या चार गल्ल्यांचं पाणी उतरून तिथे यायचं. जून-जुलैत पिंडरीभर पाणी साचायचं, रात्रभर बेडकं ओरडायची, सकाळी बगळे उतरायचे. गणपती बसेपर्यंत ते पाणी जिरून जायचं आणि तिथे गवत उठायचं. शेजारच्या वस्तीतली बाई तिथून शेळ्यांसाठी भारा कापून न्यायची. कोपऱ्यावर हातपंप होता, शंभर-सव्वाशे फुटांचा. मेमध्येही दांडा पंधरा-वीस वेळा हाणला की पाणी यायचं.

मग आम्हाला त्या पाण्याचा त्रास वाटायला लागला. चिखल होतो, डास होतात, पोरांना खेळायला जागा नाही. सगळ्यांनी मिळून अर्ज दिला, त्यावर माझीही सही आहे. हायवा ट्रक भरभरून मुरूम आला, खड्डा भरला, रोलर फिरला, सभामंडप झाला आणि उरलेल्या जागेत सिमेंटचे गट्टू बसले. दिसायला छान झालं. पाणी गल्लीतून सरळ रस्त्यावर आणि रस्त्यावरून नाल्यात जाऊ लागलं. हातपंप चार-पाच वर्षांत कोरडा पडला. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजाऱ्यांनी बोअर घेतलं तेव्हा मी गच्चीवर उभी होते. रात्री नऊला गाडी लागली, पहाटेपर्यंत राखाडी पूड उडत राहिली. ती आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर, तुळशीवर, खिडकीच्या गजांवर बसली. साडेचारशे फुटांवर गाडीवाल्याने मशीन बंद केलं आणि नुसता हात हलवला. शेजारचे काका खुर्ची टाकून बसले होते. ते उठले आणि काही न बोलता घरात गेले.

त्या खोलगट जागेचा आणि त्या बोअरचा संबंध मला फार उशिरा कळला. आपल्या पायाखाली बसाल्ट आहे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे मऊसर खडक, मग काळा पाषाण. उत्तरेच्या गंगेच्या मैदानासारखी शेकडो फूट गाळाची माती इथे नाही. पाणी मावतं ते मुख्यतः मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत. विहिरी खणणाऱ्या माणसांना हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं. आपलं भूजल म्हणजे मुख्यतः वरच्या थरांत, त्या-त्या शिवारात, दर पावसाळ्यात नव्याने भरणारा रांजण आहे. त्याच्या तोंडावर फरशी बसवली की खाली कितीही खोल गेलं तरी बहुतेक वेळा हाती लागते ती पूड.

साधा गुणाकार करून बघा. मराठवाड्याचा सरासरी पाऊस वर्षाला सुमारे ६८० मिलिमीटर. १,२०० चौरस फुटांच्या एका स्लॅबवर तेवढ्या पावसाचं सुमारे ७५ हजार लिटर पाणी पडतं, म्हणजे पाच हजार लिटरचे पंधरा टँकर. एक चौरस किलोमीटर शहरावर पडतं ६८ कोटी लिटर. ते सगळं मुरणार नाही, काही उडून जाईल, काही वाहून जाईल, हे मान्य. पण उघड्या, गवताळ, खोलगट जमिनीत त्यातला एक वाटा खाली उतरतो आणि सिमेंटवर तो जवळजवळ शून्यावर येतो. हा वाटा मुरवण्याचं काम ती जमीन बिनपगारी करत होती.

शास्त्रज्ञ अशा कामांना 'परिसंस्था सेवा' म्हणतात. २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने जगभरच्या परिसंस्थांचं मोठं मूल्यांकन झालं, तेव्हापासून हा शब्द सरकारी कागदांतही आला. अन्न-पाणी-लाकूड देणं ही झाली उघड दिसणारी सेवा. पाणी मुरवणं, पूर थोपवणं, हवा गार ठेवणं, घाण कुजवून माती करणं, फुलांत फळ धरवणं या न दिसणाऱ्या. आणि नदीकाठची जत्रा, पारावरची बैठक, पोहायला शिकलेली विहीर, या मनाला मिळणाऱ्या. 'सेवा' हा शब्द मला आधी खटकला होता. नदी काय आपली नोकर आहे? पण नगरपालिकेच्या हिशेबापुढे तो कामाचा आहे. काम करणारा निघून गेला की बदली माणूस लावावा लागतो आणि त्याला पगार द्यावा लागतो. आपल्या शहरांत नेमकं तेच चाललंय. तळ्याच्या जागी टँकर आला, कडुलिंबाच्या जागी कूलर, नाल्याकाठच्या पाणथळीच्या जागी सांडपाण्याचा प्रकल्प, बेडकाच्या जागी धुराची गाडी. यातल्या एकेका बदलीचं बिल आपण भरतोय, पण मूळ कामगार कुणी काढला हे कुठल्याच खतावणीत लिहिलेलं नाही.

आणि हे बिल सगळ्यांना सारखं येत नाही. ज्याच्याकडे पैसा आहे तो दुसरं बोअर घेतो, टाकी मोठी करतो, घरात एसी लावतो. ज्याच्याकडे नाही तो दोनशे लिटरचा ड्रम दारात ठेवून टँकरची वाट बघतो. पत्र्याच्या खोलीतल्या बाळंतिणीला मे महिन्यात सावलीची गरज सर्वांत जास्त असते आणि झाड सर्वांत आधी तिच्याच वस्तीतून जातं. निसर्ग ही सुखवस्तू लोकांची हौस आहे असं जे समजतात, त्यांनी एकदा दुपारी दोन वाजता अशा वस्तीत जाऊन उभं राहावं.

छत्रपती संभाजीनगरचं उदाहरण घेऊ. अहमदनगरच्या निझामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये हे शहर खडकी नावाने वसवलं ते कोरड्या, खडकाळ मुलखात. जवळ मोठी नदी नाही. त्याने डोंगराच्या कुशीत मुरणारं पाणी भुयारी नहरीने उतारावरून शहरात आणलं. नहर-ए-अंबरी ती हीच. पुढे अठराव्या शतकात पाणचक्कीसाठीही हर्सूलच्या बाजूने मातीच्या नळांतून पाणी आणलं गेलं आणि त्या पाण्याच्या जोरावर जातं फिरू लागलं. पंप नाही, वीज नाही, डोंगराचा उतार आणि त्यावरची मुरवणारी माती, एवढ्यावर शहर चाललं. बीडच्या खजाना विहिरीची कथा वेगळी नाही. सोळाव्या शतकात, अहमदनगरच्या निझामशाहीत बांधलेली ती विहीर भुयारी वाटेने शेतांना पाणी देत आली. जालन्यात घाणेवाडीच्या तलावाचं पाणी हैदराबादच्या निझामाच्या काळात उतारानेच शहरात आणलं होतं. या माणसांनी आधी जमीन वाचली, मग गाव वसवलं.

आज संभाजीनगर पाणी पितं जायकवाडीचं, सुमारे पन्नास किलोमीटरवरून, चढावर उपसून. तरी नळाला पाणी येतं काही दिवसांआड. २०२० मध्ये नव्या योजनेचं भूमिपूजन झालं तेव्हा तिचा खर्च १,६८० कोटी रुपये होता, पुढे तो २,७४० कोटींवर गेला. ही योजना हवीच. लाखो लोकांच्या घागरीचा प्रश्न आहे, तिथे मी नाक मुरडणार नाही. पण याच काळात जुन्या नहरी बांधकामांनी तुटत गेल्या, डोंगर मुरमासाठी पोखरले गेले आणि शहराच्या मधोमध वाहणारी खाम नदी गटार झाली. खाम पुढे जाते कुठे? वाळूजच्या बाजूने खाली गोदावरीकडे, जायकवाडीच्या नाथसागर जलाशयाकडे. म्हणजे आपण जिथून पाणी उपसतो त्याच साठ्याकडे आपली घाण पाठवतो आणि मग ते पाणी शुद्ध करायला पैसे मोजतो. पूर्वी काठावरची माती, वाळू, पाणवनस्पती आणि वाहता प्रवाह यांनी ही घाण वाटेतच बरीचशी पचवली असती. आता घाण त्यांच्या ताकदीच्या कितीतरी पुढे गेली आहे. २०२१ पासून महापालिका आणि नागरिकांनी मिळून खामचा एक भाग साफ केला, काठावर झाडं लावली, लोक तिथे फिरायला जाऊ लागले. ते मला मोलाचं वाटतं. पण नदीचा एक तुकडा परत मिळवायला एवढी माणसं आणि एवढी वर्षं लागतात, तर उरलेले नाले आपण बुजवतो कोणत्या हिशेबाने?

लातूरचं तर सगळ्या देशाने पाहिलं. मार्च २०१६ मध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचं कलम १४४ लागलं. एप्रिलमध्ये मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटर रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुमारे २५ लाख लिटर आणू लागली. मघाचा गुणाकार इथे लावून बघा. शहराच्या एका चौरस किलोमीटरवर वर्षभरात पडणारं पाणी म्हणजे अशा पन्नास वाघिणींच्या २७२ गाड्या. दुष्काळाच्या वर्षी निम्मा पाऊस धरला तरी १३६. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण आटलं त्यामागे पाऊस होता, ऊस होता, हे सगळं खरं आहे आणि उसाचा प्रश्न टाळून लातूरबद्दल बोलणं अप्रामाणिकपणाचं होईल. पण शहराने आपल्या अंगावर पडणारं पाणी धरायची सवय सोडली होती, हेही तितकंच खरं. त्याच वर्षी लातूरकरांनी लोकवर्गणी काढून मांजरेच्या पात्रातला गाळ उपसला. माणसं रस्त्यावर उतरली, पैसा दिला, घाम गाळला. त्या माणसांविषयी मला आदरच आहे. पण नदी खोल केली तरी तिच्याकडे येणारे नाले मोकळे नसतील आणि पाणी मुरवणारा माथा उघडाबोडका असेल, तर आपण फक्त परात मोठी करतो.

पाणी नसण्याची ही गोष्ट आणि पाणी जास्त होण्याची गोष्ट, दोन्ही एकच आहेत. बीडमध्ये जुलै १९८९ मध्ये बिंदुसरा नदीला अचानक पूर आला आणि काठच्या वस्त्यांमधली माणसं दगावली. एरवी वर्षातले दहा महिने त्या पात्रात पाणी शोधावं लागतं. मराठवाड्याच्या नद्या अशाच आहेत, बरीच वर्षं कोरड्या आणि एका रात्रीत काळ होऊन येणाऱ्या. म्हणून त्यांच्या काठी रुंद, मोकळी, गवताळ जागा सोडायची असते. पूर तिथे पसरतो, मंदावतो, गाळ टाकतो, मुरतो. आपल्याला ती जागा 'पडीक' दिसते. पडीक दिसली की तिथे प्लॉट पडतात. मग संरक्षक भिंत बांधतो, पात्र अरुंद होतं, आणि पुढचा पूर पुढच्या वस्तीत शिरतो.

शहराची भूक शहराच्या हद्दीत थांबत नाही, हे तर मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतं. पैठणला जा. नाथांची ती गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली: भर उन्हात गोदेच्या तापलेल्या वाळवंटात रडणारं लेकरू आणि त्याला कडेवर उचलून घेणारे एकनाथ महाराज. त्या गोष्टीतलं वाळवंट आज गोदाकाठच्या कित्येक गावांत उरलेलंच नाही. आपल्या स्लॅबसाठी ते रातोरात हायवात भरून गेलं. वाळू म्हणजे रिकामी पडलेली वस्तू नव्हे. पावसाळ्यात ती पाणी धरते, उन्हाळ्यात हळूहळू काठच्या विहिरींना सोडते आणि जाता जाता गाळून देते. वाळू गेली की पात्रात दगड आणि चिखल उरतो आणि काठावरच्या शेतकऱ्याला विहिरीचा तळ दिसायला लागतो. त्याला त्याच्या विहिरीच्या नुकसानीची पावती कोण देणार? आपल्या फ्लॅटच्या किमतीत ती कधीच धरलेली नव्हती.

कचऱ्याचंही तेच झालं. संभाजीनगरचा कचरा वर्षानुवर्षं नारेगावला पडत होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि आठवडाभरात शहर कचऱ्याने भरलं. तेव्हा अनेकांना गावकरी आडमुठे वाटले. मला वाटतं, त्यांनी फक्त एवढंच सांगितलं की आमची जमीन, आमचं पाणी, आमची हवा तुमची घाण पचवायचं काम आता करणार नाही. ज्याने इतकी वर्षं बिनपैशाने काम केलं त्याने एक दिवस कामावर यायचं थांबवलं, आणि शहराला तो पहिल्यांदा दिसला.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. लोक म्हणतात, मराठवाडा आधीच मागे आहे. आमच्या पोरांना नोकऱ्या नाहीत, उद्योग येत नाहीत, आणि तुम्ही झाडं, बेडकं घेऊन बसलात. गावात पाणी नाही, शेती परवडत नाही म्हणून माणसं शहरात येतात; त्यांनी राहायचं कुठे? मी या माणसांच्या बाजूची आहे. शहर वाढू नये असं मी म्हणत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली मुलगी शहरात खोली घेऊन शिकते, नर्स होते, ही या प्रदेशातली मोठी गोष्ट आहे. प्रश्न आहे तो शहर कुठे आणि कसं वाढावं याचा. गुंठेवारीत, म्हणजे बिनपरवाना पाडून गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या प्लॉटांत, ज्याने आयुष्याची पुंजी घालून एक गुंठा घेतला, त्याला तो नाल्यात आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. ज्याने नाल्यात प्लॉट पाडले तो पैसे घेऊन केव्हाच मोकळा झाला. २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला, २०२१ मध्ये त्याची मुदत वाढली. त्या गरिबांची घरं नियमित झालीच पाहिजेत. पण नियमित करताना त्या वस्तीतला पाण्याचा मार्ग नकाशावर पुन्हा काढला जात नाही, मोकळी जागा उरत नाही, आणि पुढच्या जोरदार पावसात घरात शिरलेलं पाणी बादलीने उपसत बसतो तो तोच माणूस. निसर्गाचं काम बंद पडल्याची झळ विकासाच्या विरोधकांना लागत नाही, ती विकासाची सर्वांत जास्त आस असलेल्याला लागते.

दुसरा आक्षेप धरणांचा. मोठी पाइपलाइन आली, वरच्या धरणांतून हक्काचं पाणी सुटलं की प्रश्न मिटेल, असं आपल्याला दर निवडणुकीत सांगितलं जातं. जायकवाडीत सुमारे १०२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, पण ते भरायचं तर नाशिक-नगरवर पाऊस पडावा लागतो आणि वरून पाणी सुटावं लागतं. समन्यायी वाटपाचं तत्त्व २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात आहे, तरी प्रत्येक तुटीच्या वर्षी त्यासाठी भांडावं लागतं. भांडूच. पण त्या भांडणात आपली बाजू भक्कम कधी होईल? अंगणात पडलेलं पाणी आधी अंगणात धरलं, असं आपण सांगू शकलो तर. शिवाय पाइपातून आलेलं पाणी घागर भरतं. ते गल्ली गार करत नाही, पूर थोपवत नाही.

मग करायचं काय? कायदे पुरेसे आहेत. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरी वनीकरण आणि पर्यावरणाचं रक्षण हे विषय नगरपालिकांच्या यादीत घातले. शहरातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला. गायरानं, तळी अशा सामाईक जागांवरची अतिक्रमणं हटवावीत असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच बजावलं आहे. कमी आहे ती एकाच गोष्टीची: या जागांना आपण अजून 'सुविधा' मानत नाही. पाण्याची टाकी ही सुविधा, तिला कुंपण, वॉचमन, अंदाजपत्रकात तरतूद. त्याच टाकीचं काम करणारं तळं मात्र 'रिकामी जागा'. रस्ता खोदला तर दंड, नाला बुजवला तर घरपट्टी चालू.

माझं मागणं अगदी कागदी वाटेल, पण मी ते मनापासून करते आहे. प्रत्येक नगरपालिकेने जुन्या गावनकाशावरचे ओढे, नाले, तळी, बारव, आड आणि गायरानं आजच्या विकास आराखड्यावर सर्व्हे नंबरसह परत काढावीत, जिथे आता घरं आहेत तिथेसुद्धा. घरं पाडण्यासाठी नव्हे, तर पाण्याला दुसरी वाट कुठून द्यायची हे कळण्यासाठी. पर्यावरण स्थिती अहवाल महापालिकांना दरवर्षी करावाच लागतो. त्यात यंदा टँकरवर किती खर्च झाला आणि किती खुली जागा सिमेंटखाली गेली, हे दोन आकडे एकाच पानावर, शेजारी-शेजारी छापावेत. आणि नव्या लेआउटमध्ये खुल्या जागेचा सर्वांत खोलगट भाग पक्का करायला मनाई असावी. त्यात पिंडरीभर पाणी साचू द्यावं. डासांची भीती असेल तर गप्पी मासे सोडता येतात, आणि चार-सहा दिवसांत मुरणाऱ्या पाण्यात डासाची पैदास तशीही पुरी होत नाही.

मागच्या वर्षी आमच्या गल्लीतल्या सहा घरांनी मिळून सभामंडपाच्या मागच्या बाजूचे गट्टू उचकटले. साधारण दोन खोल्यांएवढी जागा. खाली दाबलेला मुरूम इतका घट्ट होता की पहार लागली. तो काढून शोषखड्डा केला, दगड-गोटे-वाळू भरली आणि सभामंडपाच्या पत्र्याचं पाणी त्यात सोडलं. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात ते तासाभरात पोटात गेलं. दुसऱ्या पावसात तसंच. हातपंप अजून कोरडाच आहे, दांडा हलवला की नुसता हवेचा आवाज येतो. पण ऑगस्टमध्ये, बऱ्याच वर्षांनी, रात्री एक बेडूक ओरडलं. शेजारचे काका बॅटरी घेऊन बाहेर आले होते.

आमच्या भागाच्या प्रारूप आराखड्यात मागचा नाला एका शाळेच्या भिंतीपाशी संपतो आणि तीनशे मीटर पुढे पुन्हा सुरू होतो. मधल्या तीनशे मीटरवर पिवळा रहिवासी रंग दिला आहे. त्यावर मी हरकत दाखल केली, जुना गावनकाशा जोडला, सोबत सत्तावीस सह्या आहेत. सुनावणीची तारीख यायची आहे. तोवर त्या पिवळ्या पट्ट्यात कुणी प्लॉट घेऊ नये, एवढं मी भेटेल त्याला सांगत असते.